मुलींच्या वतीने बेटी आंटी

माणूस दिसला की बेटी मिरांडाला आधी त्याच्या जेवणाची चौकशी सुचते. कुरिअरवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, "जेवलास का रे" असं विचारल्याशिवाय ती कुणाच्या कागदावर सही करत नाही. तिचा नवरा पॉल म्हणतो, ही स्वर्गाच्या दारात पोचली की सेंट पीटरलाही हेच विचारील, आणि तो बिचारा जेवायला बसला की किल्ल्या हिच्या हातात येतील. पॉल हे गंमतीने म्हणतो, पण किल्ल्यांबद्दलचं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बेटीला घरातल्या किल्ल्या स्वतःजवळ ठेवायला आवडतात.

मरोळ गावठाणात क्रूसाला वळसा घालून पुढे गेलं की डाव्या हाताच्या गल्लीत शेवटचं घर मिरांडांचं. खाली हे दोघं राहतात, वर मुली. वरचा मजला खरं तर मुलासाठी, ॲश्लीसाठी बांधला होता. ॲश्लीचं लग्न झालं, सुनेची नोकरी वसईला, तिचं माहेरही तिथलंच; दोघं तिकडे गेले ते तिकडचेच झाले. त्यात भांडण नव्हतं की रुसवा नव्हता. नाताळला, आगेराच्या म्हणजे नव्या भाताच्या सणाला सगळे येतात, वजडी आणि पिठाच्या तळलेल्या गोल फुग्यांवर ताव मारतात आणि डबे भरून घेऊन जातात. पण सण झाला की वर कुणी नाही. तरी बेटी रोज वर जाऊन केर काढायची. कुणी न वावरलेल्या खोलीत कसला केर, असं पॉलने एकदाच विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून पुन्हा विचारलं नाही.

मग एका वर्षी जवळच्या विद्यापीठाचं मुलींचं वसतिगृह दुरुस्तीला निघालं आणि मुलींना राहायला आसपासची घरं शोधायला सुरुवात झाली. विद्यापीठाने घरं पाहिली, मालकांशी करार केले आणि त्या घरांना 'मान्य घर' असं नाव दिलं. मिरांडांचं घर त्यातलंच. दुरुस्ती लांबली, वसतिगृह उघडलं तेव्हा जागा पुरेना, म्हणून मान्य घरं राहिली ती राहिलीच.

वरच्या मजल्यावर तेव्हापासून कितीतरी मुली आल्या आणि शिकून गेल्या. सध्याच्या मुलींत कोल्हापूरची जान्हवी कायदा शिकते आणि तशीच बोलते. दूध उतू गेलं तरी दोष नेमका कुणाचा हे ठरवल्याशिवाय ती गॅसपाशी जात नाही. नाशिकची दिशा अर्थशास्त्राची. तिला सगळ्या गोष्टींची व्यवस्था लावायची हौस. बाथरूमच्या दारावर कुणी किती वाजता जायचं याचं वेळापत्रक तिनेच लावलेलं. या दोघींचं एकमेकींशी पटत नाही आणि एकमेकींवाचून करमतही नाही. बाकीच्या मुली दोघींना सांभाळून असतात. आणि देवरुखची अक्षता, भूगोल शिकणारी, कमी बोलणारी. ती जिना उतरते तेव्हा पायरीलाही कळत नाही, असं पॉल म्हणतो. बेटीचा जीव तिच्यावर जरा जास्त होता. न बोलणाऱ्या माणसाची काळजी बोलणाऱ्याला जास्तच वाटते.

फेब्रुवारीत विद्यापीठाचं परिपत्रक आलं. प्रत्येक मान्य घराने आपला एक प्रतिनिधी निवडावा. मार्चअखेर विद्यार्थी कल्याण समितीची बैठक होईल, तिथे प्रतिनिधींनी घराबद्दलच्या तक्रारी आणि सूचना मांडाव्यात. त्यावरून पुढच्या वर्षी कोणती घरं ठेवायची हे ठरेल. जी घरं जातील तिथल्या मुलींची सोय विक्रोळीच्या नव्या इमारतीत होईल.

बेटीच्या डोक्यात यातलं एकच वाक्य राहिलं, शेवटचं. विक्रोळी काही परदेश नव्हे, पण मुली तिकडे गेल्या म्हणजे वरचा मजला पुन्हा रिकामा. त्यात दिशाने बातमी आणली की चकाल्याच्या एका घरातल्या मुलींनी पाण्याची तक्रार केली आणि ते घर गेल्याच वर्षी यादीतून उडालं. म्हणजे तक्रार झाली की घर गेलं, असा हिशेब बेटीने मनात मांडला आणि त्या दिवसापासून तिने माशाच्या आमटीत मुलींच्या आवडीचं ओलं खोबरं जरा सढळ हाताने घालायला सुरुवात केली.

प्रतिनिधी कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा जान्हवी आणि दिशा दोघींनी एकाच वेळी हात वर केले. तिथेच सगळं अडलं. रोज जेवणानंतर चर्चा व्हायची, चर्चेत जुनी भांडणं निघायची, कुणी कुणाची बादली घेतली तिथपर्यंत गोष्ट जायची. शेवटी बेटीनेच तोडगा सुचवला. आपल्या माहेरी, गोराईला, गावचं काम कुणाकडे द्यायचं हे कसं ठरायचं ते तिने सांगितलं. कुणी उभं राहायचं नाही, कुणी आपल्या तोंडाने आपलं नाव घ्यायचं नाही. प्रत्येकाने एका चिठ्ठीवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहायचं आणि ती मडक्यात टाकायची. ज्याच्या नावाच्या चिठ्ठ्या जास्त, त्याने ते काम करायचं.

"आणि तो नाही म्हणाला तर?" जान्हवीने विचारलं. कायद्यात पळवाट कुठे आहे हे तिला आधी बघायचं असतं.

"नाव आलं की नाही म्हणायचं नाही," बेटी म्हणाली. "माझ्या बापाचं नाव आलं तेव्हा त्याला ताप होता. गोधडी पांघरून गेला, पण गेला."

मुलींना ही पद्धत पसंत पडली. बेटीने लोणच्याची रिकामी बरणी धुऊन दिली आणि आपण मध्ये नको म्हणून मरोळच्या बाजारात मासे आणायला गेली.

ती परत आली तेव्हा सगळ्या मुली जिन्यावर ओळीने बसल्या होत्या आणि कुणी तिच्याकडे सरळ बघत नव्हतं. पॉल दाराच्या चौकटीला टेकून रुमालाने डोळे पुसत होता. बेटीला वाटलं काही वाईट घडलं. जवळ गेल्यावर कळलं की तो हसून हसून रडत होता.

झालं होतं असं. बाकीच्या मुलींनी विचार केला की जान्हवीचं नाव लिहावं तर दिशा रुसेल, दिशाचं लिहावं तर जान्हवी महिनाभर कलमं ऐकवील. त्यापेक्षा एक मत वाया गेलेलं बरं. म्हणून प्रत्येकीने गुपचूप लिहिलं, आंटी. स्वतःचं नाव लिहायला बंदी आणि एकमेकींचं लिहायची तयारी नाही, म्हणून जान्हवीने आणि दिशाने पण लिहिलं, आंटी. बरणीतून दुसरं नाव निघालंच नाही.

बेटीने माशांची पिशवी खाली ठेवली. हा काय वेडेपणा, मी मालकीण, मी तुमची प्रतिनिधी कशी होणार, असं ती परोपरीने सांगायला लागली. जान्हवी उठून उभी राहिली.

"आंटी, परिपत्रकात लिहिलंय, त्या घरात राहणारी व्यक्ती. तुम्ही राहता की नाही इथे?"

"राहते. पण म्हणून..."

"आणि नाव आलं की?"

बेटीने पॉलकडे पाहिलं. पॉलने रुमाल खिशात ठेवला आणि फार गंभीर चेहरा करून म्हणाला, "गोधडी काढून ठेवू का?"

अशा रीतीने बेटी मिरांडा मुलींची प्रतिनिधी झाली. दोन दिवस तिने ते हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी भांडी विसळताना तिच्या मनात आलं की प्रतिनिधी म्हणजे आता तक्रारी विचारायला हव्यात. ती वर गेली आणि तिने एकेकीला विचारलं. गं बाय, तुझी काही तक्रार असली तर सांग. एकीने सांगितलं, काही नाही आंटी. दुसरी म्हणाली, उलट घरच्यासारखं वाटतं. दिशाने तर जेवणाची एवढी स्तुती केली की बेटीला संशय आला. अक्षता नुसती हसली.

एरवी बेटीला बरं वाटलं असतं. तक्रार नाही म्हणजे घर राहिलं, मुली राहिल्या. पण जिना उतरताना तिला स्वतःचे सासरचे पहिले दिवस आठवले. सासू विचारायची, काही कमी आहे का, आणि ती म्हणायची, काही नाही. किती कमी होतं ते तिलाच ठाऊक. मालकिणीला कुणी कधी मालकिणीची तक्रार सांगतं का? पॉलला तिने हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, मग नको विचारू, चार दिवस गप्प बस, बैठकीत 'सगळं छान' म्हण आणि ये. खरं तर हेच सोपं होतं. बेटीने ते ऐकून घेतलं आणि तिला रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

मार्चचं ऊन चढायला लागलं तशा अंगणात चटईवर मिरच्या पसरल्या. बेटी अजून वर्षाचा मसाला घरीच करते. गिरणीतून दळून आणलेला मसाला हा मसाला नव्हे, रंगीत धूळ आहे, असं तिचं मत. भाजलेल्या मिरच्या, धणे, तीळ, खसखस आणि बाकीचं सगळं उखळात मुसळाने कांडायचं आणि तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. कांडायला रुक्मिणीबाई येते. मूळची मालवणकडची, सासरा कापडगिरणीत होता, आता ही मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात डबे पोचवते आणि मसाल्याच्या दिवसांत गावठाणातल्या घरांतून मुसळ चालवते.

त्या रविवारी मुलीही मदतीला खाली आल्या. परीक्षा जवळ होती, म्हणजे अभ्यास सोडून काहीही करायला त्या तयारच होत्या. नाकाला ओढण्या बांधून सगळ्या उखळाभोवती बसल्या. रुक्मिणीबाईने मुसळाच्या ठेक्यावर गाणं धरलं आणि बेटीला एकदम आठवण झाली. तिच्या माहेरी मसाला कांडताना घरच्या बाईला गाण्यातून वाट्टेल ते बोलायची मुभा असे. लग्नात विहिणी एकमेकींना बोलतात तशीच. गाण्यात बोललेलं मनावर घ्यायचं नाही. बाईने रागावायचं नाही, उलट गाणारीला काहीतरी गोडधोड द्यायचं. तिची आई त्या दिवशी शेजारणींकडून काय काय ऐकून घ्यायची आणि हसत हसत त्यांच्या पुढ्यात फुगे ठेवायची.

तिने मुलींना हे सांगितलं. आज घरची बाई मी. काय म्हणायचं ते गाण्यात म्हणा. मी रागावले तर मसाला कडू होतो, असं माझी आई सांगायची.

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सुरुवात रुक्मिणीबाईने केली. तिला कुणाची भीती नाही.

"कांडून कांडून गो माझे दुखले हात,
बेटीबाईच्या चहात पाण्याचे पेले सात."

मुली खदखदून हसल्या. बेटीने हात जोडले आणि आत जाऊन रुक्मिणीबाईसाठी दाट चहा टाकायला पॉलला सांगितलं. मग दिशाने घसा साफ केला.

"गीझर आमचा वरती बाई, बटण हो खाली,
साबण अंगाला लागला नि वीजच गेली."

हे खरं होतं. गीझरचं मुख्य बटण बेटीच्या स्वयंपाकघरात होतं आणि सकाळी आपल्या अंदाजाने ती ते बंद करायची. वर कुणी साबण लावून उभी असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आता जान्हवीला राहवेना.

"नऊ वाजले, फाटक मिटलं, कुलूप ते भारी,
पुस्तक माझं लायब्ररीत, मी धावते दारी."

मग सगळ्यांनाच चेव आला. आंटी खोलीत न विचारता येते आणि कपडे घडी करून ठेवते, मग सापडत नाहीत. आंटी फोनवरचं बोलणं ऐकते आणि आमटी वाढताना त्यावर मत देते. यमक जुळलं नाही तरी ओळ पुढे रेटायची आणि 'गो बाई' म्हणून सोडून द्यायचं, असं रुक्मिणीबाईने शिकवलं. शेजारच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. मिरचीने आधीच डोळ्यांना पाणी होतं, त्यात हसू. बेटी प्रत्येक ओळीला फुगा वाटत होती आणि खरोखरच तिला मजा येत होती. आपण एवढ्या लक्षात राहण्यासारख्या आहोत हे तिला ठाऊक नव्हतं.

जरा शांत झालं तेव्हा अक्षताने मुसळ हातात घेतलं. ती गाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. आवाज बारीक होता पण सुरात होता.

"नाटकात होते मी, राणी झाले होते,
आंटीच्या फोनाने घरी कळले होते.
मुकुट दिला काढून, शेला दिला काढून,
कौतुक पडलं महाग, सांगू कशी भांडून."

रुक्मिणीबाईचा ठेका चुकला. हसणाऱ्या मुली हसायच्या थांबल्या.

बेटीला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर मुलींच्या आयांना फोन करते. पोर कशी आहे, जेवते का, खोकला गेला का. दूर ठेवलेल्या पोरीची खबर आईला मिळावी एवढंच. दिवाळीनंतर तिने अक्षताच्या आईला भरभरून सांगितलं होतं की तुमची मुलगी विद्यापीठाच्या नाट्यसंघात राणीचं काम करते आणि काय सुंदर दिसते. घरी कुणाला माहीतच नव्हतं. वडिलांनी नाटक बंद करायला लावलं. अक्षताने बंद केलं आणि कुणाला बोलली नाही. बेटीलाही नाही. आणि बेटी आपली इतके दिवस समजत होती की पोर अभ्यासाला लागली.

ताटलीत फुगे उरले होते. रीत अशी की रागवायचं नाही आणि द्यायचं. बेटीने सगळी ताटलीच अक्षतापुढे ठेवली आणि तिच्या शेजारी बसून स्वतः मुसळ उचललं. कांडता कांडता हळूच तिने विचारलं, की मी तुझ्या आईशी बोलून बघू का, समजावून सांगू का.

"नको आंटी," अक्षता म्हणाली. "तुम्ही फोन करू नका, एवढंच. माझं मी सांगेन."

त्या दिवशी मसाला तिखट झाला पण कडू झाला नाही.

आता बेटीपाशी तक्रारी होत्या आणि सगळ्या तिच्याच विरुद्ध होत्या. बैठकीच्या सकाळी ती मिस्साचा चांगला फ्रॉक घालून तयार झाली आणि खुर्चीत बसून राहिली. पॉल एका लग्नाला ट्रम्पेट वाजवायला निघाला होता. तिने त्याला विचारलं, सगळं सांगितलं आणि घर गेलं तर?

"आणि नाही सांगितलं आणि घर राहिलं तर?" पॉल म्हणाला. "वर्षभर तू मला रोज विचारत बसशील, मी सांगायला हवं होतं का म्हणून. मला काही ते झेपायचं नाही. तू सांगून ये."

विद्यापीठात ती जान्हवी, दिशा आणि अक्षताबरोबर गेली. सभागृह मोठं आणि पंख्याखाली थंड होतं. पुढे टेबलामागे समितीच्या प्रमुख श्वेता मॅडम बसल्या होत्या, चष्मा डोक्यावर ढकलण्याची सवय असलेल्या शांत बाई. त्यांच्या शेजारी विद्यार्थी संघटनेचा सचिव निलेश, घाटकोपरचा, बोलण्यात धारदार. एकेका घराची प्रतिनिधी उठत होती आणि सांगत होती, आमच्या घरात सगळं व्यवस्थित आहे. श्वेता मॅडम मान हलवत होत्या आणि प्रत्येक घरापुढे काहीतरी खूण करत होत्या. ती खूण बघून बेटीचा धीर आणखी खचला. सगळी घरं छान आणि वाईट तेवढं आपलंच.

मिरांडांच्या घराचं नाव घेतलं आणि बेटी उभी राहिली, तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. निलेशने कागद पाहिला, बेटीला पाहिलं आणि पुन्हा कागद पाहिला.

"मॅडम, ह्या तर घरमालक आहेत. मालकच भाडेकरूंचे प्रतिनिधी झाले तर ही समिती कशाला बसवली आपण?"

"बरोबर बोलतोय तो," बेटी म्हणाली. "मी पण पोरींना हेच सांगितलं."

हशा झाला. जान्हवी मागून उठून परिपत्रकातलं वाक्य सांगायला लागली. श्वेता मॅडमनी तिला हाताने बसवलं. त्या म्हणाल्या की प्रतिनिधी वैध की नाही ते आपण नंतर बघू, आता बाई आल्याच आहेत तर काय म्हणतात ते ऐकू.

बेटीने एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"आमच्या घरात जेवणाची तक्रार नाही," ती म्हणाली. "तक्रार मालकिणीची आहे. मालकीण गीझर खालून बंद करते, पोरी साबण लावून उभ्या असतात. मालकीण न विचारता खोलीत जाते. मालकीण पोरींचं फोनवरचं ऐकते. वाईट बाई नाही, पण नाक खुपसते."

कुणीतरी हसलं आणि मग थांबलं.

"आणि मालकीण पोरींच्या घरी फोन करून सगळं सांगते. तिला वाटतं कौतुक करते. त्यात एका पोरीचं नुकसान झालं. ती तक्रार मोठी आहे, ती आधी लिहा."

श्वेता मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मालकिणीचं यावर काय म्हणणं आहे?"

"गीझरचं बटण वर नेलं. वायरमन काल येऊन गेला. खोलीत टकटक केल्याशिवाय जाणार नाही. फोन बंद. पोर आजारी पडली तरच, आणि तेही तिला विचारून."

"अजून काही?"

"फाटक," बेटी म्हणाली. "नऊला बंद होतं. लायब्ररी दहापर्यंत उघडी असते. पोरी धावत येतात, जेवण पण धड होत नाही. ते चूक आहे." ती थांबली आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं. "पण आमच्या गल्लीतला दिवा निम्मा वेळ गेलेला असतो. पोर बाहेर असली की घास उतरत नाही. आणि सकाळी उठायचं असतं, कुलूप कोण उघडणार? मी काय दारात बसून राहू?"

"एक मिनिट, आंटी," निलेश म्हणाला. "आता हे कोण बोलतंय?"

बेटीने विचार केला. "आता मालकीण बोलली," ती म्हणाली.

यावर सगळं सभागृह हसलं. श्वेता मॅडम हसल्या, निलेशही हसला आणि शेवटी बेटीही हसायला लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. निलेश म्हणाला, मॅडम, ह्यासाठीच मी म्हणत होतो. आणि बेटी म्हणाली, अरे बाबा, ह्यासाठीच मी पण म्हणत होते.

मग श्वेता मॅडमनी सांगितलं ते ऐकून मागे बसलेल्या तिघी ताठ झाल्या. एकही तक्रार नसलेल्या घरांवर खूण केली होती ती तिथे प्रत्यक्ष जाऊन बघण्यासाठी. मुली घाबरून गप्प आहेत की खरंच सुखी, ते कळायला हवं होतं. चकाल्याचं घर तक्रारीमुळे गेलं नव्हतं, मालकाने तक्रारीनंतर पाण्याचा पंपच काढून नेला म्हणून गेलं. मिरांडांचं घर यादीत राहील. मात्र मालकीण प्रतिनिधी चालणार नाही. आठवड्यात मुलींमधली कुणीतरी निवडा.

बेटी खाली बसली. दिशाने तिचा हात धरला. घर राहिलं होतं आणि मुली राहिल्या होत्या. प्रतिनिधिपद गेल्याचं दुःख म्हणाल तर तिला रतीभरही झालं नाही.

घरी आल्यावर बरणी पुन्हा काढायची का, असा प्रश्न निघाला. जान्हवी आणि दिशाने एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींपैकी कुणीच हात वर केला नाही. तेवढ्यात अक्षता म्हणाली, मी करते. आपल्या तोंडाने आपलं नाव घ्यायचं नाही ही गोराईची पद्धत बेटीला आठवली, पण ती तिने बाजूला ठेवली. सगळ्या मुलींनी हात वर केले. बेटीचाही अर्धा वर गेला होता, तो पॉलने खाली ओढला.

नव्या प्रतिनिधीने दुसऱ्याच संध्याकाळी मालकिणीची भेट मागितली. एरवी ती मुलगी पाण्याचा पेला मागायलाही संकोचायची. आता बेटी कोळंबी सोलत होती आणि अक्षता तिच्यासमोर पाट घेऊन सरळ पाठीने बसली होती. पॉल दुसऱ्या खोलीत ट्रम्पेट पुसत होता, म्हणजे ऐकत होता.

"फाटक अकरा वाजता," अक्षता म्हणाली.

"साडेनऊ," बेटी म्हणाली.

"लायब्ररीच दहाला बंद होते, आंटी."

"मग दहा."

"लायब्ररीतून इथे काय उडत यायचं?"

आयुष्यभर कोळणींशी घासाघीस केलेली बेटी. तिला हे फार आवडलं आणि तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तिने आणखी एक कोळंबी सोलली. मग म्हणाली, साडेदहा, आणि फाटकाची एक चावी वर ठेवायची, म्हणजे मला उठायला नको. पण येणारीने आत आल्यावर जिन्यातला दिवा लावायचा. मी पडल्या पडल्या बघीन आणि झोपीन.

तिला वाटलं पोर आनंदाने हो म्हणेल. अक्षता उठली.

"मी वर विचारून येते," ती म्हणाली.

"अगं, चावी देतेय मी. आणखी काय पाहिजे?"

"तरी विचारायला लागतं."

ती वर गेली. वरून खुर्च्या सरकल्याचे, जान्हवीच्या मुद्द्यांचे आणि दिशाच्या आकड्यांचे आवाज आले. बेटी सोललेली कोळंबी पुढ्यात घेऊन निकालाची वाट बघत बसली. पॉलने दारातून डोकं काढून विचारलं की मालकीणबाईंना घाम का फुटलाय. तिने त्याला कोळंबीची सालं फेकून मारली.

अक्षता खाली आली. मुलींना साडेदहा मान्य होतं, चावी मान्य होती आणि जिन्यातला दिवाही मान्य होता. फक्त शनिवारी अकरा हवे होते.

"शनिवार मध्येच कुठून आला?" बेटीने विचारलं. "शनिवारी काय असतं?"

"तालीम," अक्षता म्हणाली.

बेटीने वर पाहिलं. अक्षता तिच्याकडेच बघत होती. घरी सांगितलंस का, वडील काय म्हणाले, आई रडली का, असे सगळे प्रश्न बेटीच्या ओठांपर्यंत आले. मग तिने पुढची कोळंबी उचलली, काळजीपूर्वक तिचा दोरा काढला आणि वाटीत टाकली.

"बरं," ती म्हणाली. "शनिवारी अकरा."